घरी असलेली फौज : कुलाबा किनाऱ्यावरील राखीव सैन्याची घडण



इतिहासाची पुस्तके लढायांनी भरलेली असतात. कोणती लढाई कोणी जिंकली, कोणी हरली, हे आपण शाळेपासून पाठ करीत आलो आहोत. परंतु एक साधा प्रश्न आपण सहसा विचारीत नाही. लढाई नसते त्या दिवशी फौज असते कोठे? तिला खावयास कोण घालतो? आणि नौबत झडली म्हणजे ती गोळा कशी होते? आजच्या व्याख्यानाचा विषय हाच आहे, आणि त्यासाठी आपल्याला लांब जावयास नको. १९८१ सालापर्यंत ज्याला कुलाबा म्हणत आणि आज ज्याला आपण रायगड म्हणतो, तो हा जिल्हाच या प्रश्नाचे उत्तर देण्यास पुरेसा आहे.

प्रथम राखीव सैन्य म्हणजे काय ते स्पष्ट करून घेऊ. आजच्या पायदळाची बांधणी थोडक्यात अशी असते : दहाएक शिपायांचा एक सेक्शन, तीन सेक्शनांची एक प्लॅटून, तीन प्लॅटूनांची एक कंपनी, अशा चार-पाच कंपन्यांची सुमारे आठशे माणसांची एक पलटण आणि साधारणपणे तीन पलटणींची एक ब्रिगेड. कायमच्या फौजेत ही सारी माणसे छावणीत असतात. राखीव फौजेत आकडे तेच, अधिकाऱ्यांची उतरंडही तीच. पण माणसे घरी असतात. एक कंपनी या गावच्या आसपास, दुसरी पलीकडच्या तालुक्यात, ठाणे तिसऱ्याच शहरी. म्हणजे राखीव पलटण ही छावणीत उभी नसते, ती मुलखावर पसरलेली असते. तिचा शिपाई वर्षातले बरेच दिवस शेतकरी, कोळी, कारागीर किंवा कारकून असतो. त्यामुळे तिची घडण हा केवळ लष्करी प्रश्न राहत नाही. मुलूख आणि शिपाई यांच्यामध्ये जो करार असतो, त्या कराराचा तो प्रश्न होतो. हा करार आपल्या किनाऱ्यावर कसा झाला, कसा टिकला आणि कसा मोडला, एवढेच मला आज सांगावयाचे आहे.

आता सतराव्या शतकातील हा किनारा डोळ्यांपुढे आणा. उत्तरेस मुंबई बेटावर इंग्रज. रेवदंडा आणि कोर्लई येथे पोर्तुगीज. दक्षिणेस राजपुरीच्या खाडीच्या तोंडाशी जंजिऱ्यावर सिद्दी. आणि या तिघांच्या मध्ये, खाडीखाडीच्या आधाराने, मराठ्यांचे राज्य. पाऊण दिवसाच्या वाटेवर शत्रू नाही असे गाव किनाऱ्यावर सापडणे कठीण. पावसाळ्यात घाट बंद, समुद्र बंद. उन्हाळ्यात चारही बाजू उघड्या. अशा मुलखात एकच मोठी फौज एका ठिकाणी ठेवून भागत नाही. ती अलिबागेस ठेवावी तर महाड उघडे पडते, महाडास ठेवावी तर किनारा जातो. म्हणून येथे फौज पसरून ठेवणे भाग होते.

ती पसरली तीही पट्ट्यापट्ट्यांनी. पहिला पट्टा पाण्यातला : खांदेरी, कुलाबा, मुरुडसमोरचा पद्मदुर्ग. दुसरा पट्टा किनाऱ्यामागच्या डोंगरांचा : अलिबागेच्या पूर्वेस सागरगड, रोह्याकडे अवचितगड, बिरवाडी आणि सुरगड, खाली घोसाळे आणि तळे. तिसरा पट्टा सह्याद्रीच्या कुशीतला : सुधागड, लिंगाणा आणि राजधानीचा रायगड. नकाशावर बोट फिरवा म्हणजे दिसेल की, पुढचे ठाणे अडचणीत आले तर माघारी जावयास किंवा मदत मागावयास मागे दुसरे ठाणे आहे. एकेका किल्ल्याची शिबंदी लहान. पण सगळ्यांची बेरीज केली तर ती एक मुलूखभर पसरलेली फौज होते.

या फौजेची उतरंड सभासदाच्या बखरीत नमूद आहे. दहा माणसांस एक नाईक. पाच नाइकांवर एक हवालदार. दोन-तीन हवालदारांवर एक जुमलेदार. दहा जुमल्यांवर एक हजारी. आणि सात हजाऱ्यांवर सरनोबत. हिशेब करून पाहा : दहा, पन्नास, शंभर-दीडशे, हजार, सात हजार. मघाशी आजच्या पायदळाचे जे आकडे सांगितले, त्यांच्याशी हे ताडून पाहिले म्हणजे नाइकाची तुकडी हा आजचा सेक्शन, जुमला ही कंपनी आणि हजारी ही जवळजवळ पलटण ठरते. एका माणसाचा आवाज किती माणसांपर्यंत पोचतो, एक माणूस किती जणांना नावाने ओळखू शकतो, याला निसर्गाची मर्यादा आहे. म्हणूनच तीनशे वर्षांच्या अंतराने आकडे जुळतात. जुमलेदार आणि हजारी यांच्याजवळ हिशेबनीस असे, हेही ध्यानात ठेवण्याजोगे आहे. तलवारीच्या शेजारी लेखणी बसविली होती.

किल्ल्यावरची व्यवस्था याहून सूक्ष्म होती. प्रत्येक किल्ल्यावर हवालदार, सबनीस आणि सरनोबत असे तीन अधिकारी. किल्ल्याचा कारभार तिघांनी मिळून करावयाचा. किल्ल्या एकाकडे, हजेरी आणि जमाखर्च दुसऱ्याकडे, तटावरचा पहारा तिसऱ्याकडे. शिवाय दाणागोटा आणि सामान यांवर कारखानीस. यांतील एखादा फितूर झाला तरी त्याला एकट्याला किल्ला विकता येऊ नये, हा त्यातला हेतू उघड आहे. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात तर बदल्यांचाही नियम आहे : हवालदार तीन वर्षांनी, सरनोबत चार वर्षांनी, सबनीस आणि कारखानीस पाच वर्षांनी बदलावे. म्हणजे तिघांची बदली एकदम होणार नाही आणि कोणाचेही एका जागी बूड घट्ट बसणार नाही.

पण श्रोतेहो, वरचे अधिकारी फिरते होते, तसे खालचे शिपाई फिरते नव्हते. या व्यवस्थेचे मर्म मला येथे दिसते. किल्ल्याच्या रक्षणास वंशपरंपरेने जे लोक असत त्यांना गडकरी म्हणत. ग्रँट डफने त्यांचे वर्णन केले आहे. त्यांत ब्राह्मण होते, मराठे होते, रामोशी, महार आणि मांगही होते. किल्ल्याच्या आसपासची सारामाफीची जमीन त्यांच्याकडे असे आणि किल्ल्याच्या चाकरीबरोबर ती बापाकडून मुलाकडे जाई. गडाच्या घेऱ्यात राहून रानवाटांवर नजर ठेवणे, बातमी आणणे, शत्रूच्या चुकार माणसाला गाठणे, वाट विचारणाऱ्या परक्याला भलतीकडे धाडणे, ही कामे रामोशी आणि महार यांची. गडाला हे लोक आपल्याला पोसणारी आई मानीत. अलंकारिक वाटले तरी हे बोलणे अक्षरशः खरे होते, कारण त्यांच्या घरातले धान्य त्या गडाच्या नावाने दिलेल्या जमिनीतच पिकत होते.

तात्पर्य, या फौजेची घडण तीन सूत्रांवर उभी होती. खालचा माणूस मातीत रुजलेला असावा. वरचा माणूस फिरता असावा आणि त्याच्यावर दुसऱ्याची नजर असावी. आणि या दोघांच्या मागे, वेळ पडली तर धावून येणारे राज्य असावे. ही तीन सूत्रे एकत्र होती तोवर काय घडले, आणि एकेक सुटले तेव्हा काय घडले, ते आता पाहू.

१६७९ साली मराठ्यांनी थळसमोरच्या खांदेरी बेटावर तट बांधावयास घेतला. मायनाक भंडारी हा त्या कामावरचा प्रमुख. मुंबईच्या तोंडाशीच हे ठाणे होऊ लागल्यामुळे इंग्रज अस्वस्थ झाले. त्यांनी आरमार आणून बेट कोंडले आणि पुढे सिद्दीही त्यांना येऊन मिळाला. बेटावरची माणसे थोडी, पाणी आणि धान्य बेताचे. तरी ठाणे टिकले. का टिकले? रात्रीच्या अंधारात, इंग्रजांची अवजड जहाजे वाऱ्यासाठी खोळंबलेली असताना, किनाऱ्यावरून लहान होड्या रसद आणि माणसे घेऊन बेटावर पोचत होत्या. ते पाणी, ते प्रवाह, ते खडक यांची माहिती पिढ्यान् पिढ्या तेथे जाळे टाकणाऱ्यांना होती. ऑक्टोबरमध्ये दौलतखानाचे आरमार चालून गेले, तेव्हा इंग्रजांचे एक गलबत मराठ्यांच्या हाती लागले. १६८० च्या आरंभी इंग्रजांनी वेढ्यातून अंग काढून घेतले. सिद्दीने शेजारची उंदेरी बळकावली. पण खांदेरी राहिली. बेटावरच्या शिबंदीइतकेच श्रेय समोरच्या किनाऱ्याचे आहे.

याच्या उलट बाजूचेही एक उदाहरण आहे. पद्मदुर्गावर जी माणसे ठेवली होती, त्यांना सिद्दी डोळ्यांपुढे दिसत होता. त्यांच्यासाठी धान्य आणि पैका पोचविण्याचा हुकूम प्रभावळीचा सुभेदार जिवाजी विनायक याला झाला होता. तो त्याने वेळेवर बजावला नाही. १६७५ च्या आरंभी शिवाजीमहाराजांनी त्याला लिहिलेले पत्र उपलब्ध आहे. ते अतिशय कडक आहे. आरमाराची आणि ठाण्याची रसद अडविणारा हा शत्रूचाच चाकर म्हणावा लागेल आणि त्याच्या जातीकडे पाहून गय केली जाणार नाही, असा त्याचा आशय. राजाला एवढा संताप का यावा? कारण पुढच्या ठाण्यावर पाय रोवून राहा, असे शिपायाला सांगितले म्हणजे मागून धान्य येईल हे वचन त्यातच आले. ते वचन एका सुभेदाराच्या आळसाने मोडले, तर सगळ्या ठाण्यांवरचा विश्वास उडाला असता.

तिसरे उदाहरण कान्होजी आंग्र्यांच्या काळचे. १७२१ च्या अखेरीस इंग्रज आणि पोर्तुगीज यांनी एकत्र येऊन कुलाब्यावर स्वारी केली. दोन युरोपीय सत्तांचे बळ एका किल्ल्यावर एकवटले होते. कुलाब्याच्या शिबंदीने इंग्रजांचा हल्ला परतविला. आणि तोवर घाट उतरून बाजीराव पेशवे आणि पिलाजी जाधव यांची घोडदळे अलिबागेच्या मैदानात येऊन ठाकली होती. पोर्तुगिजांनी १७२२ च्या जानेवारीत तह केला आणि इंग्रज हात हलवीत परत गेले. राखीव शिबंदीचे काम शत्रूला संपविण्याचे नसते. मदत येईपर्यंत त्याला रोखून धरण्याचे असते. येथे तिने रोखून धरले आणि मदत आली.

आता मदत आली नाही तेव्हा काय झाले तेही पाहावयास हवे. १८१८ साली कर्नल प्रॉथरने रायगडास वेढा दिला. गडावर दुसऱ्या बाजीरावांच्या पत्नी वाराणसीबाई होत्या. तोफांच्या माऱ्याने वाड्यांना आग लागली आणि १० मे रोजी गड खाली झाला. रायगडासारखा गड इतक्या लवकर कसा पडला, असे आपण हळहळून विचारतो. पण गडाला धीर कोणाचा होता? त्या वेळी खुद्द पेशवे मुलूखभर पळत होते आणि पुढच्याच महिन्यात ते माल्कमच्या स्वाधीन झाले. कडा तोच होता, तटही तोच होता. मागे राज्य उरले नव्हते. तिसरे सूत्र तुटले होते.

पहिले सूत्र तुटले त्याची कथा आपल्या जिल्ह्याबाहेर, कोल्हापूरच्या संस्थानात घडली. तेथे इंग्रजांच्या देखरेखीखाली दाजी कृष्ण पंडित यांचा कारभार सुरू झाला. गडकऱ्यांच्या जमिनी गडाच्या अधिकाऱ्यांकडून काढून मामलेदारांच्या हुकमतीखाली आणण्यात आल्या. कागदावर पाहिले तर हा एका कचेरीतून दुसऱ्या कचेरीत केलेला बदल होता. गडकऱ्यांना मात्र त्यात आपली भाकरी जाताना दिसली. १८४४ साली सामानगडचे गडकरी उठले, पाठोपाठ भुदरगडचे; पन्हाळ्यापर्यंत वणवा गेला आणि तो विझवावयास कंपनी सरकारला डिसेंबरपर्यंत लढावे लागले. जी माणसे दोन शतके किल्ले राखीत आली, तीच तटावर चढून सरकारशी लढली. करार एका बाजूने मोडला म्हणजे राखीव फौजेचे बंडात रूपांतर व्हावयास वेळ लागत नाही.

इंग्रजांनी किल्ले मोडले, पण माणसे मोडली नाहीत. ती त्यांना हवीच होती. मुंबईच्या लष्करात कोकणच्या शिपायांचा भरणा अगोदरपासूनच होता. १८८६ मध्ये हिंदी सैन्यात राखीव दलाची पद्धत सुरू झाली. काही वर्षे नोकरी केलेला शिपाई घरी जाई, त्याला अल्प भत्ता मिळे, ठराविक काळाने तो कवायतीस हजर होई आणि युद्ध आले तर परत पलटणीत जाई. पलटणींचे गट पाडून प्रत्येक गटाला एक ठाणे नेमून दिले गेले. पुढे १९२२ च्या पुनर्रचनेत मराठा पलटणींची मिळून एक रेजिमेंट झाली आणि तिच्या शिक्षणाचे ठाणे बेळगावास स्थिरावले. मधल्या काळात १९२० च्या कायद्याने हिंदी टेरिटोरियल फोर्सही निघाली.

पण याच काळात करार पुन्हा एकदा मोडला, आणि त्याची झळ आपल्या महाड भागाला फार लागली. गडाचा घेरा राखणाऱ्या महारांचे वंशज मुंबईच्या लष्करात मोठ्या संख्येने होते. सुभेदार-जमादारपदापर्यंत चढलेली माणसे त्यांत होती. १८९२ च्या सुमारास पलटणी जातवार बांधण्याचे धोरण आले आणि महारांची भरती बंद झाली. महाडजवळच्या रावढूळचे गोपाळ बाबा वलंगकर हे स्वतः लष्करातून निवृत्त झालेले. त्यांनी १८९४ साली या अन्यायाविरुद्ध अर्ज तयार केला. पहिल्या महायुद्धात माणसांची चणचण भासली तेव्हा १९१७ साली महार पलटण उभी झाली. गरज सरताच १९२१ मध्ये ती मोडली. मार्च १९२७ मध्ये महाडला परिषद भरली, तीत जिल्ह्यातील आणि रत्नागिरीकडील निवृत्त शिपाई होते. लष्करभरती बंद झाल्याने समाजाचे किती नुकसान झाले, हे डॉ. आंबेडकरांनी त्या वेळच्या भाषणात सांगितले होते. ज्यांनी सरकारसाठी बंदूक धरली, त्यांना आपल्या गावच्या तळ्याचे पाणी घेता येत नव्हते. चवदार तळ्याकडे चालत गेलेल्या त्या लोकांत एकेकाळचे शिपाईही होते, हे या विषयाच्या अभ्यासकाने विसरता कामा नये. १९४१ साली बेळगावास महार रेजिमेंट उभी राहिली, तेव्हा तो मोडलेला दुवा पुन्हा जोडला गेला.

शिपाईगिरी या जिल्ह्याच्या किती हाडीमाशी खिळली आहे, ते पाहावयाचे असेल तर महाड तालुक्यातल्या एका गावाचे नाव पुरे : फौजी आंबवडे. घरटी एक माणूस सैन्यात, असा या गावाचा लौकिक आहे. किंवा माणगावास जाऊन यशवंत घाडगे यांचा पुतळा पाहावा. ते माणगाव तालुक्यातले. १० जुलै १९४४ रोजी इटलीत, टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात, त्यांच्या सेक्शनवर मशीनगनचा मारा झाला आणि त्यांच्याखेरीज सर्व सोबती ठार किंवा जखमी झाले. एकटे घाडगे त्या मोर्चावर धावून गेले. हातबाँब टाकून त्यांनी मशीनगन बंद पाडली, एकाला गोळी घातली, आणि बंदुकीत गोळ्या भरावयास सवड नव्हती म्हणून तीच उलटी धरून उरलेल्या दोघांना लोळविले. मग लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्यांनी ते पडले. वय बावीस. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्यांचा हुद्दा कोणता होता? नाईक. सभासदाने उतरंडीच्या पहिल्या पायरीवर लिहिलेला, दहा माणसांचा नाईक.

स्वातंत्र्यानंतर ही पद्धत आपण आपल्या हातांनी नव्याने बांधली. १९४८ साली प्रादेशिक सेनेचा कायदा झाला आणि ९ ऑक्टोबर १९४९ रोजी चक्रवर्ती राजगोपालाचारी यांनी या सेनेचे उद्घाटन केले. तिचा शिपाई एरव्ही आपल्या व्यवसायात असतो आणि शिक्षणासाठी किंवा गरजेच्या वेळी गणवेश चढवितो. तिच्या पायदळाच्या पलटणी त्या त्या मुलखाच्या रेजिमेंटशी जोडलेल्या असतात. मराठा लाइट इन्फंट्रीशी जोडलेल्या अशा पलटणी पुण्याला आणि कोल्हापूरला आहेत. जवान त्या मुलखातले आणि कायम सैन्यातले अधिकारी बदलून येणारे, हे पाहिले म्हणजे गडकरी आणि हवालदार यांची आठवण झाल्यावाचून राहत नाही.

शेवटी एका कडू गोष्टीकडे वळतो, कारण ती याच किनाऱ्यावर घडली. १९९३ च्या जानेवारी-फेब्रुवारीत दिघी आणि शेखाडी येथे शस्त्रे आणि स्फोटके उतरविली गेली. १२ मार्च रोजी मुंबईत त्यांचे स्फोट झाले आणि २५७ माणसे मेली. किनाऱ्यावर पहारा नव्हता काय? होता. पण पहाऱ्यावरची काही माणसे विकली गेली होती. जकात खात्यातले आणि पोलिसांतले लोक त्या खटल्यात दोषी ठरले. हवालदार, सबनीस आणि सरनोबत यांना एकमेकांवर नजर ठेवावयास का बसविले होते, हे शेखाडीच्या किनाऱ्यावर कळते. त्यानंतर नौदल, जकात खाते आणि पोलीस यांची एकत्र गस्त सुरू झाली. पुढे सागरी पोलीस ठाणी झाली, कोळीवाड्यांतून सागर रक्षक दले उभी राहिली. हे योग्यच झाले. समुद्रात परके गलबत कोणते, हे पहाटे जाळे टाकावयास निघालेल्या कोळ्याला जितके लवकर कळते, तितके दुसऱ्या कोणाला कळणार?

पण त्या कोळ्याकडून पहाऱ्याची अपेक्षा करताना आपण त्याला काय देतो, हा प्रश्न उरतोच. त्याची मासेमारी चालते का, त्याने दिलेल्या बातमीची कोणी दखल घेते का, संकटात त्याच्या होडीकडे कोणी धावते का? पद्मदुर्गाच्या पत्रात विचारलेला प्रश्न हाच होता. मुलखाने आपले रक्षण करावे असे ज्या राज्याला वाटते, त्याने अगोदर मुलखाला दिलेला शब्द पाळावा लागतो. मोडलेला तट पुन्हा बांधता येतो. सामानगडच्या गडकऱ्यांचा उडालेला विश्वास मात्र त्या सरकारला काही केल्या बांधता आला नाही.